कायमचा पत्ता

आमच्या ब्यांकेच्या प्रत्येक फॉर्मात 'कायमचा पत्ता' नावाचा एक रकाना असतो. तो ज्याने काढला, त्याचं गाव कधी हललं नसावं.

परवा आमच्या नारायणगावच्या काउंटरवर एक बाबा आले. जुने गिरणी कामगार. मी सवयीने विचारलं, "कायमचा पत्ता?"

"कुठला सांगू, सायेब? जुनं आंबेगाव डिंभ्याच्या धरणात गेलं. गिरणी ब्याऐंशीच्या संपात गेली. आता हितं लेकीकडं असतो."

मी बी. कॉम. आहे, पण ही नोंद जमेला टाकायची की नावे, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. मी फॉर्म चाळत होतो आणि बाबा 'माझी मैना गावावर राहिली' गुणगुणत होते.

अण्णा भाऊ साठ्यांची ही छक्कड. अण्णा भाऊ स्वतः वाटेगावाहून पायी मुंबईला आलेले. तेव्हाची गिरणगावातली खोली म्हणजे पाळीपाळीने झोपणारे गाववाले, खानावळीचं जेवण आणि बायको गावी. छक्कडीतला गडी असाच मैनेसाठी झुरतो. शेवटी कळतं, की मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेलं बेळगाव-कारवारही आहे.

असलं झुरणं फक्त आपल्याकडेच, असा माझा समज होता. मग पुतण्याने टँगो ऐकवला. टँगो म्हणजे मिठी मारून चालणे, एवढंच मला सिनेमामुळे ठाऊक. पण अर्जेंटिनाच्या ब्युनॉस आयर्स बंदरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटली-स्पेनहून पोटासाठी माणसं आली, त्यात एकटे पुरुषच फार. एका चौकाभोवती खोल्या, खोलीत एकेक बिऱ्हाड. म्हणजे चाळच, फक्त गणपती नाही! त्यांचा बँडोनियन जर्मनीचा, आपली पेटी मूळची पॅरिसची. टँगोलाही तिथले घरंदाज लोक नाकं मुरडत. पॅरिसने तो डोक्यावर घेतला तेव्हा कुठे त्यांना तो आपला वाटला. आपल्या तमाशाला पॅरिस भेटलं नाही, एवढाच फरक.

कार्लोस गार्देलने १९३५ साली 'व्होल्व्हेर' गायलं. व्होल्व्हेर म्हणजे परतणं. गाणं केस पिकल्यावर परतणाऱ्या माणसाचं. त्याच वर्षी गार्देल विमान अपघातात गेला, आणि त्याच वर्षी पंढरपुरात विठाबाई नारायणगावकर जन्मल्या. ईश्वराचा ताळेबंद हा असा जुळतो.

मला वाटतं, ही गाणी गावाची नव्हेतच. गावात बसून गावासाठी कोण रडतं? ती शहराचीच; शहरात जागा न मिळालेल्यांनी गाण्यात बांधलेली खोली. भाडं नाही, पागडी नाही, आणि धरणाचं पाणीही तिथवर चढत नाही.

अखेर मी लेकीचा पत्ता लिहिला. पुढे रकाना होता 'जवळची खूण'.

"तमाशाच्या राहुट्या," बाबा म्हणाले.

"अहो बाबा, त्या पाडव्याला सुपाऱ्या घ्यायला लागतात. जत्रा सरल्या की उठतात!"

"मंग? आमच्यावानीच की!"

मी निमूटपणे राहुट्या लिहिल्या.