भाड्याच्या घरातला मोत्या

महाभारताच्या शेवटी एक प्रसंग येतो. राज्य सोडून पांडव हिमालयाच्या वाटेने निघाले आहेत. आधी द्रौपदी पडते, मग एकेक भाऊ पडतो. उरतो एकटा युधिष्ठिर आणि त्याच्या मागे मागे आलेले एक कुत्रे. इंद्र रथ घेऊन येतो. तू चल म्हणतो, पण कुत्र्याला स्वर्गात जागा नाही असे बजावतो. जो विश्वासाने बरोबर आला त्याला वाटेत टाकून मिळणारा स्वर्ग युधिष्ठिर नाकारतो. पुढे ते कुत्रे म्हणजे साक्षात धर्मच निघतो, ही गोष्ट आपल्या सर्वांना ठाऊक आहे.

लहानपणी देवगाव रंगारीला ही गोष्ट ऐकली, तेव्हा धर्मराजाचे कौतुक वाटले होते. पुढे नोकरीसाठी शहरात आलो, भाड्याने राहू लागलो आणि त्या गोष्टीतला इंद्रच मला जास्त ओळखीचा वाटू लागला. जागा द्यायला तयार, पण कुत्रे चालणार नाही, असे सांगणारा तो पहिला घरमालक!

हे थट्टेने म्हणतो आहे, पण त्यामागे आमच्या घरातली एक गोष्ट आहे. देवगाव रंगारी हे कन्नड तालुक्यातले गाव. २०११ साली माझी आई गेली. वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. नाना शेतावर एकटे कसे राहणार, म्हणून जमीन बटईने दिली आणि त्यांना माझ्याकडे आणले. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. सिडकोत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचे भाड्याचे घर होते. नानांचे कपडे आले, औषधे आली, आईचा फोटो आला. मोत्या मात्र गावी शेजाऱ्यांकडे राहिला. करारनाम्यात 'पाळीव प्राणी ठेवता येणार नाहीत' असे एक कलम होते. सही करताना मी ते वाचलेही नव्हते.

दोन महिन्यांनी एका रात्री पत्नी म्हणाली, "अहो, नाना आज दिवसभरात एक शब्द बोलले नाहीत." मग माझ्या लक्षात आले. पहाटे चारला उठून ते गॅलरीत बसत. अर्धी पोळी खाऊन ताट सारत. डॉक्टरांना दाखवले. हे नैराश्य आहे, असे ते म्हणाले. गोळ्या दिल्या आणि विचारले, "गावी यांचा दिवस कसा जायचा?" उत्तर देताना मला जाणवले, की गावी नाना दिवसभर बोलत असत आणि त्यातले निम्मे बोलणे मोत्याशी असे. "चल रे," "बस रे," "पाऊस यील का रे आज?" शहरात त्यांना हाक मारायलाच कुणी नव्हते.

माणसाला जनावराचा असा आधार वाटणे हे काही आजचे नाही. पण आपला इतिहास चाळला तर एक गंमत दिसते. माणसाने जनावरावर दया केल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पैठण आमच्याच जिल्ह्यातले. काशीहून रामेश्वरासाठी आणलेली गंगा तहानेल्या गाढवाला पाजणारे नाथ आपल्याला माहीत आहेत. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेवही माहीत आहेत. खंडोबाजवळ कुत्रे आहे, दत्तगुरूंच्या पायांशी चार श्वान आहेत, वर्षातून एकदा पोळ्याला बैलाची पूजा आहे. पण जनावराने माणसाच्या मनाला काय दिले, हे आपण फारसे लिहून ठेवलेले नाही.

एक अपवाद आठवतो तो साताऱ्याचा. इथे अनेकांना रायगडावरचा वाघ्या आठवेल. पण त्या कथेला समकालीन कागदाचा आधार नाही, असे अनेक इतिहासकार सांगतात, म्हणून ती बाजूला ठेवू. मी म्हणतो तो छत्रपती शाहू महाराजांचा खंड्या. कृष्णा आणि वेण्णा यांच्या संगमावर, माहुलीला, या कुत्र्याची समाधी दाखवतात. वाघाच्या शिकारीत त्याने महाराजांचा जीव वाचवला, असे सांगितले जाते. साताऱ्याला इंग्रजांचा प्रतिनिधी म्हणून राहिलेल्या जेम्स ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. त्यातही शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची हकीकत आहे. जीव वाचवला म्हणून महाराजांनी त्याला जहागीर दिली आणि त्याच्यासाठी पालखीचा सरंजाम लावून दिला. एकदा तर भर दरबारात त्याला जरीची वस्त्रे आणि दागिने घालून स्वतःची पगडी त्याच्या डोक्यावर ठेवली.

हे वाचून आपण हसतो. पण या राजाचे बालपण आठवावे. १६८९ मध्ये रायगड मोगलांच्या हाती गेला, तेव्हा सात वर्षांचा हा मुलगा आई येसूबाईंबरोबर कैदेत पडला. १७०७ मध्ये औरंगजेब वारल्यावर तो सुटला. अठरा वर्षे शत्रूच्या छावणीत काढलेल्या माणसाला कुत्र्याची सोबत काय वाटत असेल, हे कुठल्या बखरीत लिहिलेले नाही आणि त्यावर मी तर्कही करणार नाही. ज्या बादशहाच्या कैदेत तो वाढला, त्याची कबर खुलताबादला आहे. देवगावहून शहराकडे येताना दर वेळी मला ती आठवते आणि तिच्याबरोबर माहुलीची ती समाधीही आठवते.

पण शाहू महाराज जहागीर देणारे होते. भाडेकरूला कुठली जहागीर? शहर वाढते तशी माणसे दाटीने राहू लागतात आणि कुत्रे हा सगळ्यांचा प्रश्न होतो. मुंबईत तो १८३२ सालीच उभा राहिला. मोकाट कुत्री मारण्याचा सरकारी हुकूम होता आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस होते. पैशाच्या लोभाने पाळलेली कुत्रीही ओढून नेली जाऊ लागली. पारशी लोकांना कुत्रे पवित्र. ६ जून १८३२ रोजी चिडलेल्या पारशांनी कुत्री मारणाऱ्या शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिले आणि त्यात इतर समाजांचे लोकही सामील झाले. पुढे दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरापोळ सुरू झाला. १८८०च्या दशकात परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय उभे राहिले. ही सारी परंपरा मोठीच आहे. पण तीही दयेची, भूतदयेची आहे.

जनावर माणसाला बरे करू शकते, हा विचार कागदावर आला तो बराचसा परदेशात. इंग्लंडमध्ये यॉर्क येथे विल्यम ट्यूक यांनी १७९६ मध्ये मनोरुग्णांसाठी एक आश्रयस्थान सुरू केले. त्या काळी वेड्यांना साखळ्यांनी बांधत. इथे मात्र अंगणात ससे आणि कोंबड्या सोडलेल्या असत. आपल्याहून दुबळ्या जिवाची काळजी घेताना रुग्ण स्वतःला आवरायला शिकतो, असा त्यामागचा विचार होता. शुश्रूषेवर लिहिताना फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनीही नोंदवले आहे, की दीर्घकाळ अंथरुणावर असलेल्या रोग्याला लहानसा पाळीव प्राणी फार चांगला सोबती ठरतो.

पुढची गोष्ट न्यूयॉर्कची. बोरिस लेव्हिन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. एकदा एक मुलगा ठरल्या वेळेच्या आधीच त्यांच्याकडे आला. एरवी तो कुणाशी मोकळा होत नसे. त्या दिवशी डॉक्टरांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. कुत्रा मुलाकडे धावला, मुलाने त्याला जवळ घेतले आणि डॉक्टरांना वाट सापडली. १९६२ साली त्यांनी यावर निबंध लिहिला आणि कुत्र्याला चक्क उपचारातला सहकारी म्हटले. आधी लोकांनी त्यांची चेष्टा केली, मग अभ्यास सुरू झाले. अमेरिकेत घरांसंबंधीच्या भेदभावविरोधी कायद्यात १९८८ मध्ये दुरुस्ती होऊन अपंगत्व असलेल्यांना संरक्षण मिळाले. त्याच्या आधारे, प्राणी न ठेवण्याची अट असलेल्या घरांतही डॉक्टरांच्या पत्रावर भाडेकरू सवलत मागू लागले. 'भावनिक आधार देणारा प्राणी' हा शब्दप्रयोग रुजला तो तिथे.

तिथे त्याचा गैरफायदाही घेतला गेला. पैसे टाकून घरबसल्या पत्रे मिळू लागली. विमानात मोरापासून डुकरापर्यंत सगळे 'आधाराचे प्राणी' म्हणून येऊ लागले. शेवटी डिसेंबर २०२० मध्ये तिथल्या वाहतूक खात्याने नियम बदलला आणि अशा प्राण्यांना विमानात घेण्याचे बंधन कंपन्यांवर राहिले नाही. ज्यांची गरज खरी होती, त्यांचेही यात नुकसान झाले.

आपल्याकडे काय आहे? १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. १९७६च्या घटनादुरुस्तीने सजीवांविषयी अनुकंपा बाळगणे हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. गृहनिर्माण संस्थेला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे त्यांत आहे. केरळ उच्च न्यायालयानेही २०२१ मध्ये अशा बंदीची कलमे बेकायदा ठरवली. पण संस्था आणि रहिवासी ही एक गोष्ट, घरमालक आणि भाडेकरू ही दुसरी. आपल्याकडे करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि सही केलेली अट भाडेकरूला बोलू देत नाही. 'भावनिक आधाराचा प्राणी' असा वेगळा वर्ग आपल्या कायद्यात नाही. त्यामुळे तसा कागद कुणी विकत दिला, तरी तो दाखवून मालकाला बांधता येत नाही. आपल्या संतकथा आणि आपला कायदा यांत मला एक साम्य दिसते. जनावराला माणसाची गरज आहे, हे दोघांनीही ओळखले. माणसालाही जनावराची गरज असते, हे बोलायचे राहूनच गेले.

नानांचेही तेच झाले. एके दिवशी माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मोत्याकडं तिथं कुणी बघत नसंल. चार दिवस आणू का त्याला?" मला तो हवा आहे, असे त्यांनी म्हटले नाही. त्यांच्या पिढीच्या शेतकऱ्याला ते म्हणता येत नाही. म्हणून त्यांनी मोत्याची दया पुढे केली.

मी घरमालकांना विचारले. ते म्हणाले, "तुमचं खरं आहे हो, पण आधीच्या भाडेकरूच्या कुत्र्यानं दारं ओरबाडली आणि खालच्या मुलाला चावलं." त्यांचेही खोटे नव्हते. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. त्यांच्या भीतीला आधार होता. अट मीच मान्य केलेली होती. भांडण्यात अर्थ नव्हता.

आम्ही घर बदलले. शहराच्या कडेला, तळमजल्यावर, लहान जागा आणि भाडे जास्त. नव्या घरमालकीणबाईंनी तीन गोष्टी विचारल्या. लस टोचली आहे का? रात्री भुंकतो का? घाण कोण उचलणार? लसीचे कार्ड दाखवले, महापालिकेचा परवाना काढायचे कबूल केले आणि हे सगळे करारात लिहून घ्या, असे मीच सांगितले. भाडेकरूंना माझे सांगणे एवढेच. प्राणी लपवून नेऊ नका. सहीच्या आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या. मालकांना विनंती अशी, की 'नाही' म्हणण्यापूर्वी तो कुणासाठी हवा आहे, एवढे विचारा.

मोत्या आला त्या दिवशी नाना काही फार बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे चारला मला जाग आली, तेव्हा बाहेरून आवाज येत होता, "चल रे." गोळ्या चालूच राहिल्या, डॉक्टरांकडे जाणेही चालू राहिले. कुत्रा म्हणजे औषध नव्हे. पण गोळी घ्यायला उठावे, असे वाटायला काही कारण लागते. ते नानांना मिळाले. सकाळ-संध्याकाळ फिरताना गल्लीतल्या चार म्हाताऱ्यांशी ओळख झाली, ती मोत्यामुळेच.

२०१६ मध्ये नाना गेले. त्याच महिन्यात करार संपत होता. मालकीणबाई भेटायला आल्या. चहा झाल्यावर त्यांनी हळूच विचारले, "आता मोत्याला गावी पाठवणार असाल ना?"

मी म्हणालो, "नाही हो. आम्हाला तो हवा आहे."

नानांना जे म्हणता आले नाही, ते मी म्हणालो. बाईंनी नव्या करारातही ते जुने कलम तसेच ठेवले.

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)