अनवाणी घोडा आणि नालबंदी

मराठ्यांच्या लष्करी कागदपत्रांत 'नालबंदी' हा शब्द वारंवार आढळतो. परंतु बहुतेक ठिकाणीं त्याचा संबंध घोड्याच्या खुराशीं नसून रुपयांशीं असतो. मोहिमेपूर्वीं शिलेदारास तयारीकरितां जी आगाऊ रक्कम देत, ती नालबंदी. लोखंड झिजून गेलें आणि नांव तेवढें हिशेबांत राहिलें. या शब्दाच्या बळावर आपल्याकडील घोडा सर्वकाळ नाल ठोकलेलाच असे, असें गृहीत धरण्याकडे वाचकाचा सहज कल होतो. तो कल कितपत साधार आहे, आणि नालाची संवय झालेला घोडा पुन्हां अनवाणी चालूं शकतो कीं काय, या दोन प्रश्नांचा विचार ठाणें-कल्याण टापूच्या अनुरोधानें येथें करावयाचा आहे.

अगोदर शब्द पाहूं. घोड्याचा 'नाल' संस्कृत नव्हे. संस्कृत 'नाल' म्हणजे कमळाचा देंठ. घोड्याचा नाल अरबी असून त्याचा मूळ अर्थ पादत्राण असाच आहे. त्यास फारसी 'बंद' जोडून नालबंद सिद्ध झाला. उलट 'अनवाणी' हा आपला शब्द 'अनुपानह्' यापासून आलेला आहे. उपानह् म्हणजे वहाण. खुरासाठीं संस्कृतांत 'खुर' व 'शफ' हे शब्द आहेत, आणि घोडा तो एकशफ. गाईचे चारही खूर दुभंगलेले, म्हणून तिचे शफ आठ. त्यामुळेंच 'शफ' म्हणजे अष्टमांश असाही अर्थ रूढ झाला. (हा अर्थ आमच्या विद्यार्थ्यांच्या लक्षांत क्वचितच राही.) खुराचा इतक्या बारकाईनें विचार करणाऱ्या समाजास खुराखालच्या लोखंडासाठीं व्यवहारांत परका शब्द चालवावा लागला, ही गोष्ट बोलकी आहे.

कौटिल्यानें अश्वाध्यक्षाच्या अध्यायांत घोड्याचा दाणा, शिक्षण, चाली व वैद्य यांविषयीं विस्तारानें लिहिलें आहे. नालाविषयीं मात्र कांहीं नाहीं. पण त्याची तबेल्याची रचना खुराच्या दृष्टीनें पाहण्याजोगी आहे. घोड्याच्या लांबीएवढ्या चौरस जागेंत गुळगुळीत फळ्यांची जमीन असावी आणि मलमूत्र निघून जाण्याची सोय असावी, असें तो सांगतो. म्हणजे खूर कोरडे राहिले पाहिजेत. ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतील ग्रीक ग्रंथकार झेनोफोन हाही तेंच सांगतो. ओलसर जमिनीनें चांगले खूरही बिघडतात, म्हणून तबेल्याबाहेर मुठींत मावतील अशा गोल दगडांच्या चारपांच गाड्या ओतून त्यांवर घोडा उभा करावा, हा त्याचा उपाय. युरोपांतही खिळ्यांनीं ठोकलेला नाल सर्रास दिसूं लागतो तो इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकांनंतर. तेव्हां नाणेघाटाच्या लेखांत सातवाहनांच्या यज्ञांतील दक्षिणेंत ज्या घोड्यांचा उल्लेख आहे, ते त्या घाटाचा कातळ आपल्याच खुरांवर तुडवीत असले पाहिजेत.

आतां आमच्या टापूकडे वळूं. दिवा हें गांव पारसिकच्या डोंगराच्या पूर्वेस, खाडीच्या आश्रयानें वसलेलें. जेथें आज चाळी व इमारती दाटल्या आहेत तेथें पूर्वीं खाजण आणि भातखाचरें होतीं. ठाण्यास किंवा कल्याणास गलबतांतून उतरलेल्या घोड्याच्या पायांखालीं प्रथम असला खारा चिखल येई, आणि देशावर चढतांना घाटांतील काळा पाषाण. भिजून मऊ झालेल्या खुराला दगडावर घासणें हें सर्वांत वाईट, आणि या वाटेनें तर तेंच ओळीनें घडे.

ठाण्याचा घोड्यांशीं असलेला संबंध मार्को पोलोच्या वृत्तांतांत आहे. तेराव्या शतकाच्या अखेरचा हा प्रवासी सांगतो कीं, ठाण्याचा राजा समुद्रावरील चांचांशीं संधान बांधून होता, आणि लुटींत सांपडतील तेवढे घोडे राजाचे, असा त्यांचा करार होता. त्या सुमारास उत्तर कोंकण देवगिरीच्या यादवांच्या अंमलाखालीं असल्यामुळें हा 'राजा' म्हणजे त्यांचा एखादा अधिकारी असावा, असें आमचें मत आहे. दक्षिणेकडील मअबर प्रांताविषयीं तर तो अधिक सांगतो: घोड्यांचे व्यापारी आपल्याबरोबर अश्वचिकित्सक आणीत नसत, इतकेंच नव्हे तर दुसऱ्या कोणालाही तेथें जाऊं देत नसत, कारण घोडे जगले तर नव्यांना गिऱ्हाईक कोठून मिळणार? पोलोचा शब्द नाल ठोकणारा व घोड्याचा वैद्य या दोघांसही लागूं पडतो, म्हणून यावरून केवळ नालाविषयीं निर्णय करतां येणार नाहीं. परंतु घोडा विकत मिळे आणि त्याच्या पायांची विद्या मिळत नसे, ही स्थिति यावरून स्पष्ट होते.

मराठेशाहींत ही विद्या पागेंत येऊन बसलेली दिसते. कृष्णाजी अनंत सभासद यानें इ. स. १६९७ च्या सुमारास लिहिलेल्या बखरींत शिवछत्रपतींच्या पागेची व्यवस्था दिली आहे. तींत पंचवीस घोड्यांमागें एक पखालजी व एक नालबंद नेमलेला आहे. पंचवीस घोड्यांचे खूर शंभर. नाल सहा ते आठ आठवड्यांनीं बदलला तर नालबंदाच्या वांट्यास दिवसाला सरासरी दोन खूर येतात. कसबी माणूस दिवसांत कित्येक घोडीं उरकतो. मग इतकी सढळ नेमणूक कां? आम्हांस याचें कारण असें वाटतें कीं, पंचवीसांची तुकडी मूळ लष्करापासून सुटून डोंगरांत एकटी वावरे, म्हणून पाणी आणि नाल या दोन बाबतींत तरी ती परावलंबी राहूं नये. शिवाय नालबंद खूर तासतोही, आणि हें काम अनवाण्या घोड्यालाही चुकत नाहीं. भीमथडीचें तट्टू टणक खुरांबद्दल नांवाजलेलें होतें, तेंही तासल्यावांचून सुटत नसे.

आतां नाल काढण्याचा प्रश्न. खुराची भिंत महिन्याला सुमारें ६ ते १० मिलिमीटर वाढते, आणि पुढील बाजूस ती वरपासून खालपर्यंत नवी होण्यास ९ ते १२ महिने लागतात. म्हणून नाल आज उपटला तरी खूर अनवाणी होण्यास वर्ष जातें. मधल्या काळांत खिळ्यांच्या छिद्रांशीं कड तुटते, तळवा दुखतो, घोडा खडीवर पाऊल टाकण्यास कचरतो. अशा वेळीं कड गोलसर तासावी, आरंभीं कोरड्या मऊ जमिनीवर चालवावें, मग क्रमाक्रमानें कठीण जमीन द्यावी. आतां यासाठीं घोड्याचे काढघाल करतां येणारे जोडेही मिळतात. रोमन लोक अशीच एक लोखंडी वहाण घोड्याच्या पायांत बांधीत. लंडनचा पशुवैद्य ब्रेसी क्लार्क यानें इ. स. १८०९ पासून प्रसिद्ध केलेल्या आपल्या प्रयोगांत, नालानें खूर वर्षानुवर्षें आवळत जातो असें दाखविलें होतें. त्याचें म्हणणें ग्राह्य आहे. परंतु तेवढ्यावरून सरसकट सर्वांचे नाल काढावे म्हणणें हें पावसाळी कोंकणांत घोड्यावर अन्याय करण्यासारखें होईल. सतत ओल्या जमिनीवर अनवाणी खुराचा तळवा कुजतो, आणि तो एकदां कुजला कीं वर्षाची मेहनत फुकट.

हा वाद केवळ पुस्तकी नाहीं. दिव्याहून लोहमार्गानें नेरळ गांठलें कीं वर माथेरान लागतें. तेथें मोटारींस बंदी असल्यामुळें शेंकडों कुटुंबांची पोटें घोड्यांवर आहेत. तेथील तांबड्या मातीच्या रस्त्यांवर फरशी बसविण्यास अश्वपालांनीं हरकत घेतली, ती घोडे घसरतात म्हणून. लोखंड आणि गुळगुळीत फरशी यांचें जमत नाहीं, हें मुंबईच्या व्हिक्टोरिया हांकणाऱ्यांसही ठाऊक होतें. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलें, व ऑगस्ट २०२५ मध्यें दस्तुरी नाक्यापासून शिवछत्रपतींच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्यास फरशीची मोकळीक मिळून आंतील रस्ते तिच्यावांचून राहिले. म्हणजे एकाच घोड्यास आतां दोन प्रकारच्या भूमींवर दिवस काढावयाचा आहे, ठाण्याच्या धक्क्यावर उतरलेल्या घोड्यासारखाच. मातीच्या वाटेवरून नाल काढावासा वाटेल; पण पावसाळ्यांतील चिखल व फरशी ध्यानांत घेतां, ज्यानें तो काढावयाचा त्यानें दसऱ्यानंतरचे कोरडे महिने निवडावे, हें आम्हांस श्रेयस्कर वाटतें.

मराठे चिखलाच्या महिन्यांत काय करीत? चिपळूणच्या छावणीस उद्देशून शिवछत्रपतींनीं काढलेलें प्रसिद्ध पत्र पावसाळ्यांतील पागेचेंच आहे, पण त्यांतील काळजी दाण्याची, वैरणीची व आगीची. उत्तर असेल तें किरकोळ खर्चाच्या यादींत. संग्राहक सनदा व महजर जपतात, आणि पागेच्या रोजकीर्दी रद्दी म्हणून बाजूस पडतात. ज्यांच्या संग्रहीं अशा कीर्दी असतील त्यांनीं नाल व खिळे यांच्या खरेदीच्या तिथि उतरून मंडळाकडे पाठवाव्या. आषाढ-श्रावणांत ती खरेदी थांबून आश्विनांत एकदम वाढलेली दिसली, तर छावणींतील घोडा चार महिने अनवाणी असे असें मानण्यास आधार मिळेल. खरेदी बारमाही सारखी निघाली, तर तो तर्क सोडून द्यावा लागेल.