बाटलीतल्याचे किती, वाटेचे किती

बनारसमध्ये वाइनची बाटली घ्यायची तर ‘अंग्रेजी शराब’ अशी पाटी असलेल्या दुकानात जावं लागतं. गेल्या हिवाळ्यात मी अशाच एका दुकानासमोर उभी होते. अस्सीला राहणाऱ्या, हिंदी शिकवून निवृत्त झालेल्या माझ्या सरांकडे संध्याकाळी जेवण होतं. फ्रान्सहून एक अनुवादक बाई आल्या होत्या, त्यांच्यासाठी बेत होता. सरांनी फोनवर सांगितलं होतं, “तुम नासिक की हो, वाइन तुम्हीं लाना।” दुकानदाराने काउंटरवर दोन बाटल्या ठेवल्या. एक नाशिकची, चौदाशेची. दुसरी फ्रान्सची, तीन हजार दोनशेची. “मेहमान के लिए तो ये,” म्हणून त्याने फ्रान्सची बाटली माझ्याकडे सरकवली.

मला अनुवादाचे शब्दाला एक रुपया मिळतो. त्यामुळे हिशेब आपोआप शब्दांत होतो. नाशिकची बाटली म्हणजे दीड दिवसाचं काम, फ्रान्सची म्हणजे तीन दिवसांहून जास्त. पण अडचण फक्त पैशांची नव्हती. फ्रान्सहून आलेल्या बाईंसमोर नाशिकची बाटली ठेवायची मला लाज वाटत होती. आणि लाज वाटते आहे याचीही लाज वाटत होती, कारण माझ्या मामाची द्राक्षबाग निफाड तालुक्यात आहे.

बाटलीवर किती खर्च करावा हा प्रश्न मला चाळिशीपर्यंत पडलाच नव्हता. त्याचं कारण मराठी घरात आहे. आमच्याकडे दारूबद्दल प्रश्न एकच: घेतो की घेत नाही? ‘किती रुपयांची’ इथवर बोलणं पोचतच नसे. गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ १९१९चं. शंभर वर्षांनंतरही सुधाकर म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. त्या नाटकात प्याल्याची किंमत संसारात मोजली आहे, आणि आमच्या घरांनी तेच माप कायम धरलं. कायद्यानेही तेच केलं. मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा, आणि महाराष्ट्रात दारूचा कारभार आजही त्याच कायद्याखाली चालतो. पिणाऱ्याकडे परवाना असायला हवा. विदेशी मद्यासाठी एका दिवसाचा परवाना पाच रुपयांचा, आयुष्यभराचा हजाराचा. गावोगावच्या ‘परमिट रूम’ या पाटीतलं परमिट ते हेच. दारूच्या गुत्त्याला सरकारी मंजुरीचं नाव देणारी ही पाटी मी अजून कुठल्याही भाषेत नीट अनुवादित करू शकलेले नाही.

म्हणून काशीत राहायला आल्यावर हा प्रश्न मी वाइनकडून नाही, दुसऱ्याच एका भरलेल्या भांड्याकडून शिकले.

मराठी घरांना काशीहून येणारं बंद भांडं नवीन नाही. देवघरात तांब्याचा लहान गडू असे, तोंड डाख लावून बंद केलेलं, आत गंगा. यात्रा करून आलं की मावंदं घालायचं, गंगापूजन करायचं, गावाला जेवू घालायचं. पाणी फुकटच होतं, नदीतून भरलेलं. खर्च होता तो वाटेचा आणि मावंद्याचा. रेल्वे येण्याआधी ही वाट म्हणजे महिनोन्महिन्यांची पायपीट, खांद्यावर कावड, आणि तीही सोवळ्याओवळ्याने सांभाळायची. अहिल्याबाई होळकरांनी १७८०च्या सुमारास विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्यांनी दूरदूरच्या देवळांना गंगेच्या कावडी पोचवण्याची कायमची व्यवस्था लावली होती, तिला देवळाइतकाच जमाखर्च लागत असणार. दगड एकदाच रचायचा असतो. कावड दर वर्षी उचलावी लागते.

या पाण्याची किंमत काय, याची मराठीतली दोन उत्तरं मला जवळची वाटतात. पहिलं एकनाथांचं. एकनाथी भागवत पुरं झालं ते इथेच, काशीत, १५७३ साली. म्हणजे मराठीतला एक मोठा ग्रंथ या घाटांवर संपला. पण लोकांच्या तोंडी ग्रंथापेक्षा गोष्ट जास्त राहिली: रामेश्वरासाठी नेलेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. ही गोष्ट आपण भूतदयेची म्हणून सांगतो. ती हिशेबाचीही आहे. शेकडो कोसांची चाल त्या पाण्यात भरलेली होती, आणि ते पाणी कुणाच्या घशात जावं हे नाथांनी चालीवरून ठरवलं नाही, तहानेवरून ठरवलं.

दुसरं उत्तर विष्णुभट गोडशांचं. पेणजवळच्या वरसईचे हे भिक्षुक १८५७ साली उत्तरेकडे निघाले ते दक्षिणा मिळवायला. घरावर कर्ज होतं आणि ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार असल्याची बातमी होती. वाटेत बंड भेटलं. झाशी पडताना ते झाशीतच होते. मिळवलेलं लुटलं गेलं. शेवटी परतले ते गंगेची कावड खांद्यावर घेऊन, आईवडिलांना तिचं स्नान घालायला. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली छापला. अमृतलाल नागरांनी तो हिंदीत नेला आणि पुढे इंग्रजीतही तो एकाहून अधिक वेळा आला. आम्हा अनुवादकांना त्यातलं बंड दिसतं, झाशीची राणी दिसते. मला अलीकडे कावड दिसते. पैसे मिळवायला निघालेला माणूस पाणी घेऊन घरी येतो, आणि घरी कुणी त्याला तोटा म्हणत नाही.

आता वाइनकडे. तिचीही किंमत मुख्यतः वाटेची असते, हे मला एका इंग्रज बाईच्या पत्रात सापडलं. एलायझा फे १७८० साली कलकत्त्याला पोचली आणि घरी पत्रांतून बाजारभाव कळवू लागली. ही पत्रं पुढे कलकत्त्यातच पुस्तकरूपाने निघाली आणि १९२५ साली ई. एम. फॉर्स्टरने ती पुन्हा संपादित केली. तिच्या यादीत अख्खी मेंढी दोन रुपयांना आहे. सहा चांगल्या कोंबड्या किंवा बदकं एका रुपयाला. बारा पौंड पाव एका रुपयाला. आणि क्लॅरेट साठ रुपये डझन. क्लॅरेट म्हणजे बोर्डोची लाल वाइन, इंग्रजांनी ठेवलेलं नाव. बाटली पाच रुपयांना पडली. एका बाटलीत अडीच मेंढ्या, किंवा तीस कोंबड्या. द्राक्षं तितकी महाग नव्हती. महाग होता केप ऑफ गुड होपला वळसा घालून आलेला प्रवास, वाटेत फुटलेल्या आणि आंबलेल्या बाटल्यांचा तोटा, आणि कलकत्त्यात बसून लंडनमध्ये असल्यासारखं जेवण्याची हौस. बनारसच्या इंग्रजांपर्यंत बाटली यायची तर पुढे गंगेतून प्रवाहाविरुद्ध नाव ओढत आणावी लागे.

हे १७८०चं पत्र आणि काशी यांच्यामध्ये आणखी एक धागा आहे. इंग्लंड आणि फ्रान्स यांचं युद्ध १७७८ साली सुरू झालं, आणि त्या खर्चासाठी वॉरन हेस्टिंग्जने बनारसच्या राजा चेतसिंगाकडे नेहमीच्या खंडणीवर वर्षाला पाच लाख जादा मागितले. ऑगस्ट १७८१ मध्ये तो वसुलीला स्वतः आला आणि शिवाल्याच्या वाड्यात त्याने राजाला कैद केलं. लोक उठले, कंपनीचे शिपाई मारले गेले, हेस्टिंग्जला चुनारला पळावं लागलं. चेतसिंगही निसटला आणि अखेर महादजी शिंद्यांच्या आश्रयाला ग्वाल्हेरला गेला. फ्रान्सशी लढायला काशीतून लाख लाख रुपये उपसायचे, आणि कलकत्त्यात फ्रान्सच्या द्राक्षांची बाटली पाच रुपयांना घ्यायची, हे एकाच वेळी चाललं होतं. चेतसिंग घाटावरून जाताना आता मला त्या डझनाचा भाव आठवतो.

त्यानंतर सत्तेचाळीस वर्षांनी याच गावात असा एक माणूस उतरला, ज्याला बाटलीच्या भावाची चिंता आयुष्यभर राहिली. मिर्झा गालिब १८२७च्या सुमारास दिल्लीहून कलकत्त्याला जाताना बनारसला थांबले आणि इथेच रमले. ‘चिराग-ए-दैर’ ही फारसी मसनवी या मुक्कामाची. कलकत्त्याला ते चालले होते ते पेन्शनसाठी. त्यांच्या वाट्याला वर्षाचे साडेसातशे येत, म्हणजे महिन्याचे साडेबासष्ट रुपये, आणि हक्क याहून जास्त आहे असं त्यांचं म्हणणं होतं. फे बाईच्या भावाने त्यांच्या महिन्याच्या पेन्शनमध्ये क्लॅरेटचा एक डझन बसतो, वर अडीच रुपये उरतात. हा हिशेब माझा आहे, भावही जुना आहे. पण त्यावरून त्यांची उधारी समजायला मदत होते. खटला ते हरले. कर्ज वाढत गेलं. विलायती दारू मात्र सुटली नाही. त्यांच्याबद्दल एक आख्यायिका सांगतात: सगळे पैसे दारूवर घालवून आल्यावर घरात विचारलं, आता खायचं काय? ते म्हणाले, अन्नाचं आश्वासन देवाने दिलेलं आहे, दारूचं दिलेलं नाही, म्हणून तिची सोय मी केली. आपण यावर हसतो. त्यांच्या घरातल्या बाईला हसू आलं असेल असं मला वाटत नाही. ‘एकच प्याला’ आणि ही आख्यायिका एकाच घराच्या दोन बाजू आहेत. एक बैठकीतून ऐकू येते, दुसरी स्वयंपाकघरातून.

मग नाशिक. आमच्या गावाला पश्चिम काशी म्हणतात. तिथली नदीही गंगा, गोदावरीला तिथे कुणी दुसरं नाव घेत नाही. त्याच मुलखात नव्वदच्या दशकाअखेर वाइनचे कारखाने येऊ लागले. २००१ साली राज्याने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क ठरले, करात सवलती मिळाल्या. मामाने अर्ध्या एकरात वाइनची द्राक्षं लावली. खायच्या द्राक्षांइतका भाव नाही, पण करार असतो, गारपिटीच्या साली तेवढाच धीर. आजोबा असेतो घरात बाटली आली नाही. द्राक्षं कारखान्यात जायची आणि त्यांचं पुढे काय होतं हा विषय ताटावर निघायचा नाही.

२७ जानेवारी २०२२ला मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं, तेव्हा तो विषय साऱ्या महाराष्ट्राच्या ताटावर आला. सरकारच्या बाजूने सांगितलं गेलं, वाइन म्हणजे दारू नव्हे, हा शेतकऱ्याचा माल आहे. विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ शब्द काढला. अण्णा हजारे उपोषणाला निघाले. निर्णय अमलात आला नाही. मला ते सगळं भांडण अनुवादाचं वाटलं. मराठीत वाइनला शब्द नाही. ‘दारू’ म्हटलं की सुधाकर उभा राहतो, ‘द्राक्षासव’ म्हटलं की वैद्याची बाटली. म्हणून ‘वाइन’ तशीच ठेवली आणि प्रत्येकाने तिच्यात आपला अर्थ ओतला.

मी मामाला फोन करून विचारलं, बाटलीच्या किमतीत तुझे किती? तो म्हणाला, “अगं, एका बाटलीला किलोभर द्राक्ष लागतंय. किलोचे मला चाळीस. बाकीचं तू शहाणी, तूच शोध.” बाकीचं शोधायला फार लागत नाही. काच, बूच, पिंप, वर्षभर गारवा, दलाली. आणि राज्यघटनेने मद्यावरचा कर राज्यांकडे दिलेला असल्याने प्रत्येक राज्याची वेस म्हणजे नवा जकातनाका. नाशिकची बाटली उत्तर प्रदेशात शिरते तेव्हा ती परगावची होते. फ्रान्सच्या बाटलीवर तर बंदरातच दीडशे टक्के लागलेले होते. दुकानदाराने सरकवलेल्या त्या बाटलीचे निम्म्याहून जास्त पैसे द्राक्षांचे नव्हते, फ्रान्सचेही नव्हते. मी तीन दिवसांचं काम बंदर, वेस आणि माझी लाज यांना देणार होते.

दुकानातून निघण्याआधी माझ्या शेजारी एक बाई आली, डोक्यावर पदर, हातात फुलांची पुडी. तिने सगळ्यात स्वस्त पाव बाटली मागितली. काळभैरवाला वाहायची होती. काशीच्या या कोतवालाला मद्य चालतं. त्याचं आजचं देऊळ दुसऱ्या बाजीरावाने बांधलं असं मानतात. ज्या पेशवाईच्या दफ्तरात दारूबंदीचे हुकूम आहेत, तिच्या शेवटच्या पेशव्याने दारूचा नैवेद्य घेणाऱ्या देवाचं घर बांधावं! त्या बाईने नोटा दोनदा मोजल्या, बाटली पुडीशेजारी ठेवली आणि गेली. कितीची घ्यावी हा विचार तिने घरून करूनच आणला होता.

मी नाशिकची बाटली घेतली.

जेवताना फ्रान्सच्या बाईंनी लेबल वाचलं आणि विचारलं, हे गाव कुठे आहे? मी सांगितलं, काशीसारखंच नदीकाठचं, तिथल्या नदीलाही आम्ही गंगा म्हणतो. यात किलोभर द्राक्षं आहेत, त्यांचे चाळीस रुपये माझ्या मामाला मिळाले असतील. त्यांनी प्याला खाली ठेवला आणि सांगितलं की त्यांच्या आजोळीही द्राक्षबाग होती, भाव परवडेना म्हणून वेली उपटून टाकल्या. त्यानंतर वाइन चांगली की वाईट हे कुणी बोललं नाही. किलोचा भाव, गारपीट, उपटलेल्या वेली, आणि शब्दाला कुणाला किती मिळतात, याच गोष्टी रात्री उशिरापर्यंत चालल्या. सरांनी त्यांच्या पहिल्या पुस्तकाला मिळालेला आकडा सांगितला, तेव्हा सगळेच हसले.

परत येताना वाटलं, काशीहून बंद भांडं घरी नेऊन चार माणसांत उघडायचं, त्याला आपण मावंदं म्हणतो. आज भांडं उलट्या वाटेने आलं होतं. चौदाशे रुपये झाले. अजून दीड दिवसाचं काम बाकी आहे.