मेडिकलमध्ये ग्राहकाला काय विचारावे आणि कसे?

“डोकं दुखतंय, एक गोळी द्या.” औषधाच्या दुकानात ही मागणी रोजचीच. गोळी दिली, पैसे घेतले, की पुढचा ग्राहक. पण गोळी घेणार कोण? समोर उभा असलेला माणूस, की घरी झोपलेली त्याची आई?

ब्रिटनमधील औषध दुकानांत कर्मचाऱ्यांना अशा वेळी पाच प्रश्न विचारायला शिकवतात. औषध कुणासाठी, त्रास काय, किती दिवसांपासून, आतापर्यंत काय केले आणि दुसरी कोणती औषधे चालू आहेत. आपल्याकडेही फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स, २०१५ नुसार रुग्णाला औषधाबद्दल समजावून सांगणे हे फार्मासिस्टचे काम आहे. संध्याकाळच्या गर्दीत ते किती होते, हा भाग वेगळा.

‘कुणासाठी’ हा प्रश्न साधा वाटतो, पण उत्तरावर औषध बदलते. ताप आलेल्या मुलांना अ‍ॅस्पिरिन देत नाहीत, कारण त्यातून मेंदू आणि यकृताला इजा करणारा रेज सिंड्रोम हा दुर्मिळ पण गंभीर आजार होऊ शकतो. ‘किती दिवसांपासून’ हेही तितकेच कामाचे. खोकला दोन आठवड्यांहून जास्त असेल, तर सिरपची बाटली देण्यापेक्षा टीबीची तपासणी करून घ्यायला सांगणे योग्य. पावसाळ्यात ताप आणि अंगदुखी असेल तर डेंग्यूची शंका धरावी लागते. अशा वेळी आयब्युप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिनने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

सगळ्यात जास्त गडबड होते ती शेवटच्या प्रश्नात.

“दुसरं काही औषध चालू नाही ना?” असे विचारले की उत्तर हमखास “नाही” असेच येते. एक तर प्रश्नातच उत्तर सुचवलेले असते. दुसरे म्हणजे, दहा वर्षे रोज घेतली जाणारी बीपीची गोळी अनेकांच्या लेखी ‘औषध’ राहिलेलीच नसते, ती चहासारखी सवय झालेली असते. म्हणून नाव घेऊन विचारावे: “बीपी, शुगर, हार्टसाठी रोजची एखादी गोळी असते का? रक्त पातळ होण्याची?” रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसोबत आयब्युप्रोफेन घेतल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. “सकाळपासून सर्दीची गोळी घेतलीत का?” हेही विचारावे. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉल असतेच. वर तापाची वेगळी गोळी घेतली की डोस नकळत दुप्पट होतो आणि त्याचा भार यकृतावर पडतो.

सुरुवात मात्र मोकळ्या प्रश्नाने करावी: “नेमकं काय होतंय, सांगा.” ग्राहकाला दोन वाक्ये बोलू द्यावीत, मध्ये तोडू नये. हो-नाहीचे प्रश्न त्यानंतर. उलट केले, तर ग्राहकाला पोलीस चौकशीसारखे वाटते आणि तो तुटक उत्तरे देतो.

काही जण चिडतातही: “तुम्हाला काय करायचंय? गोळी द्या!” अशा वेळी प्रश्नाआधी कारण सांगावे. “ही गोळी काहींना चालत नाही, म्हणून विचारतो” एवढे म्हटले तरी बहुतेकांचा सूर बदलतो. गर्भावस्था किंवा गुप्तरोगासारखी बाब असेल, तर ग्राहकाला काउंटरच्या कडेला बोलावून हळू आवाजात विचारावे; रांगेतल्या दहा जणांसमोर खरे उत्तर मिळणार नाही.