‘रॅबिट पंच’ : बॉक्सिंगची लढत आणि तुटलेलं रीळ

‘रॅबिट पंच’ हा बग्ज बनीचा गाजलेला विनोदी कार्टूनपट. वॉर्नर ब्रदर्सने तो १९४८ साली प्रदर्शित केला. दिग्दर्शन चक जोन्स यांचं, तर बग्जचा आवाज मेल ब्लँक यांचा.

नावाचा अर्थ काय?
मानेच्या मागच्या बाजूला मारलेल्या ठोशाला बॉक्सिंगमध्ये ‘रॅबिट पंच’ म्हणतात. मणक्याला आणि मेंदूला इजा होण्याचा धोका असल्याने या ठोशावर बंदी आहे. इथे बॉक्सरच ससा असल्यामुळे नावात कोटी साधली आहे.

कथा काय आहे?
एक आडदांड चॅम्पियन किरकोळ अंगाच्या बॉक्सरला बदडत असतो. प्रेक्षकांतला बग्ज त्याची टर उडवतो आणि स्वतःच रिंगणात अडकतो. ताकदीत निभाव लागणार नाही म्हणून तो युक्त्या लढवतो. चिडलेला चॅम्पियनही नियम गुंडाळून ठेवतो. शेवटी बग्ज रुळांना बांधलेला असतो आणि समोरून इंजिन येतं. तेवढ्यात फिल्म तुटते! पांढऱ्या पडद्यावर येऊन बग्ज दिलगिरी व्यक्त करतो, मग हळूच कबुली देतो की फिल्म आपोआप तुटलेली नाही. त्याच्या हातात कात्री असते.

यात गंमत कसली?
आज रील म्हणजे मोबाइलवरचा व्हिडिओ. तेव्हा सिनेमा फिल्मच्या रिळावर असे. रीळ मध्येच तुटलं की खेळ थांबे आणि ऑपरेटर ते जोडेपर्यंत थिएटरात शिट्ट्या वाजत. मुंबईतल्या जुन्या थिएटरांनाही हे नवं नव्हतं. त्यामुळे तेव्हाच्या प्रेक्षकाला क्षणभर खरंच रीळ तुटल्यासारखं वाटे.

लढतीचा निकाल लागतच नाही. ससा मात्र वाचतो.