फळ्यावरची नावे : मुलींच्या शाळेतलं नेतृत्व

मघाशी परिचय करून देताना माझ्या पदव्यांची आणि पदांची बरीच मोठी यादी वाचली गेली. त्यात एक पद राहून गेलं. १९६०च्या दशकात, तालुक्याच्या गावातल्या मुलींच्या हायस्कूलमध्ये मी नववी 'ब'ची मॉनिटर होते. आज शाळेविषयी बोलायचं आहे, तेव्हा माझा खरा अधिकार तेवढाच.

'शाळेचा अभिमान' आणि 'विद्यार्थिनींचं नेतृत्व' हे शब्द आपण स्नेहसंमेलनाच्या अहवालात नेहमी ऐकतो. त्यांचा अर्थ काय? नेतृत्व कोणाच्या वतीने करायचं? बाईंच्या वतीने की वर्गातल्या मुलींच्या वतीने? तत्त्वज्ञानात हा प्रश्न फार जुना आहे : प्रतिनिधी कोणाचा? पण मला तो पुस्तकात भेटला नाही, वर्गातल्या फळ्यापुढे भेटला. तिथे मी शेवटी येते. आधी थोडा इतिहास पाहू.

मॉनिटर हा शब्द इंग्रजी आहे, कल्पना मात्र पूर्ण परकी नाही. आपल्याकडे पंतोजींच्या शाळेत मोठा मुलगा लहानांकडून उजळणी करून घेत असे. मद्रासच्या अनाथ मुलांच्या आश्रमात १७८९पासून काम करणारे अँड्र्यू बेल यांनी अशाच एका देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरं गिरवताना पाहिलं. ती रीत त्यांच्या शिक्षकांना पटेना, तेव्हा त्यांनी एका मुलालाच शिकवायला बसवलं. १७९७मध्ये त्यांनी या प्रयोगावर पुस्तिका छापली आणि ही 'मद्रास पद्धत' इंग्लंडभर पसरली. शिक्षक कमी आणि मुलं फार, त्यावरचा तो स्वस्त उपाय होता. पुढे रग्बीच्या शाळेत टॉमस अर्नोल्ड यांनी १८२८नंतर वरच्या वर्गातल्या मुलांना शिस्तीचे अधिकार दिले. म्हणजे बघा, एका रीतीत मोठा मुलगा लहानाला शिकवतो आणि दुसरीत त्याच्यावर नजर ठेवतो. आपल्या मॉनिटरमध्ये दोन्ही मिसळले, पण शिकवणं मागे पडलं आणि नजर तेवढी उरली.

आता मुलींच्या शाळेकडे येऊ. इथे प्रश्नच वेगळा होता. मुलांच्या शाळेत काळजी असे ती दंग्याची. मुलींच्या शाळेत काळजी होती ती रिकाम्या होणाऱ्या बाकांची. १८४८ साली भिडेवाड्यात सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी शाळा काढली. तिथे मुलगी येणं हीच मोठी गोष्ट, आणि ती टिकणं त्याहून मोठी. १८९१चा संमतीवयाचा कायदा दहाचं वय बारावर नेतो म्हणून केवढा गदारोळ झाला, हे आपण वाचलेलं असतं. लग्नासाठी मुलीचं वय किमान चौदा असावं हे ठरायला १९२९चा शारदा कायदा यावा लागला. मॅट्रिकला बसेपर्यंत मुलगी पंधरा-सोळा वर्षांची होणार. तेव्हा हायस्कूलच्या वरच्या वर्गात मुली किती उरत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि तरीही त्या पहिल्या शाळांतूनच नेतृत्वाचं एक फार मोठं उदाहरण आपल्याला मिळतं. फुल्यांच्या शाळेत शिकलेली मुक्ता साळवे, मांग समाजातली मुलगी, वय चौदाच्या आसपास. १८५५मध्ये तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. विषय होता मांग-महारांचं दुःख. वेदांवर आमचा अधिकार नाही, तर मग आमचा धर्म कोणता, असं ती विचारते. आपल्या समाजातल्या बायका उघड्यावर, थंडीपावसात बाळंत होतात, हेही लिहिते. तिला कोणी बिल्ला दिला नव्हता. पण ती ज्यांच्या वतीने बोलली ते बहुतेक शाळेत नव्हतेच. शाळेत नसलेल्यांसाठी शाळेत शिकलेल्या अक्षरांनी बोलणं, हे मला विद्यार्थिनीच्या नेतृत्वाचं अगदी शुद्ध रूप वाटतं.

पुढचा टप्पा हुजूरपागेचा. १८८४ साली न्यायमूर्ती रानडे, वामन आबाजी मोडक, डॉ. भांडारकर प्रभृतींनी पुण्यात मुलींचं हायस्कूल सुरू केलं. पेशव्यांच्या घोड्यांची पागा जिथे होती ती ही जागा, म्हणून नाव हुजूरपागा. या शाळेवर टीका झाली ती इंग्रजी शिकवण्यावरून आणि, गंमत म्हणजे, वेळेवरून. शाळा अकरा ते पाच. टिळकांच्या बाजूचं म्हणणं असं की मुलीला घरात काम असतं, ते तिने शिकायला हवं, तेव्हा मुलींची शाळा फार तर तीन तास भरावी.

आज हे ऐकून आपल्याला हसू येतं. पण वाद क्षुल्लक नव्हता. अकरा ते पाच म्हणजे दिवसातले सहा तास मुलगी घराच्या हाकेबाहेर. त्या सहा तासांत ती कोणाची सून नाही की धाकटी बहीण नाही. ती आपल्यासारख्याच दहा-वीस मुलींपैकी एक आहे. शाळेविषयीचा जिव्हाळा निर्माण होतो तो या सहवासातून. ध्वज, घोषवाक्य, शाळागीत हे नंतरचं. सुधारकांनी ते सहा तास सोडले नाहीत, हे त्यांचे उपकार मानावेत तेवढे थोडे आहेत.

या सहवासाने काय होतं? ब्रह्मदेशात १९०५ साली जन्मलेली एक मुलगी सातव्या वर्षी हुजूरपागेच्या वसतिगृहात आली. तिथे तिची शकुंतला परांजपे यांच्याशी मैत्री झाली आणि त्या मैत्रीतून रँग्लर परांजप्यांचं घर तिचं दुसरं घर झालं. फर्ग्युसनमधून ती तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. झाली, म्हणून माझा तिच्यावर जरा जास्तच हक्क! ती मुलगी म्हणजे इरावती कर्वे. शकुंतलाबाई केंब्रिजला गणित शिकल्या आणि पुढे संततिनियमनाच्या कामासाठी उभ्या राहिल्या. दोघींची बुद्धी मोठी होतीच. पण बुद्धीला वाट मिळते ती अनेकदा बाकावर शेजारी बसलेल्या मैत्रिणीच्या घरातून.

हिंगण्याची गोष्ट आणखी वेगळी. धोंडो केशव कर्व्यांनी १८९६मध्ये विधवांसाठी आश्रम काढला. तिथल्या पार्वतीबाई आठवले मोठ्या वयात शिकू लागल्या, पुढे आश्रमाची व्यवस्था पाहू लागल्या आणि संस्थेसाठी वर्गणी मागत गावोगाव हिंडल्या, अमेरिकेपर्यंत गेल्या. आपल्याला जे मिळालं ते मागून येणारीलाही मिळावं, यासाठी त्यांची पायपीट होती. 'शाळेचा अभिमान' या शब्दांचा अर्थ मला इथे कळतो.

स्वातंत्र्यानंतर मुदलियार आयोग नेमला गेला. १९५३च्या अहवालात त्याने शाळांमध्ये विद्यार्थ्यांचं स्वयंशासन, गट, प्रतिनिधी यांचा पुरस्कार केला. हेतू चांगला होता : लोकशाहीचं शिक्षण. आमच्या शाळेतही लाल-हिरवे गट आले, शालेय मंत्रिमंडळ आलं, मुख्यमंत्री झालेली मुलगी कवायतीच्या वेळी ऐटीत पुढे उभी राहू लागली. आणि वर्गावर्गात मॉनिटर.

आता माझ्या फळ्याची गोष्ट. मॉनिटरकडे खडू असायचा. बोलणाऱ्या मुलींची आणि उशिरा येणाऱ्या मुलींची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहायची. मी काटेकोर होते. आमच्या वर्गातली एक मुलगी दिवाळीनंतर रोज उशिरा येऊ लागली. मी रोज तिचं नाव लिहिलं. आठवडाभर नाव आलं की तासभर वर्गाबाहेर उभं राहायचं, असा नियम होता. ती उभी राहिली. दुसऱ्या आठवड्यातही राहिली. मग यायचीच बंद झाली. मला, खरं सांगते, हायसं वाटलं. फळा स्वच्छ राहू लागला.

त्या वर्षीच्या संमेलनात आदर्श विद्यार्थिनीचा कप मला मिळाला. उन्हाळ्याच्या सुट्टीत आईकडून कळलं की तिची आई बाळंतपणात अंथरुणाला खिळली होती. नदीवरून पाणी आणून, भाकऱ्या थापून, धाकट्यांना जेवू घालून ती मुलगी शाळेत यायची. तिचं घर आमच्या घरापासून तीन गल्ल्या पलीकडे होतं. मी एकदाही गेले नव्हते. शाळेतून कोणीच गेलं नव्हतं. पुढच्या वर्षी तिचं लग्न झालं.

हुजूरपागेच्या वादाचा अर्थ मला फार नंतर कळला तो या मुलीमुळे. सनातनी म्हणत होते, घरकाम आहे म्हणून शाळा आखूड करा. सुधारक म्हणाले, शाळा पूर्णच भरेल. सुधारकांचं बरोबर होतं, आजही मी त्यांच्याच बाजूने मत देईन. पण त्या घरकामाचं काय करायचं, हा प्रश्न दोघांनीही मुलीवरच सोडून दिला. तिने शाळाही पूर्ण करायची आणि पाणीही भरायचं. मग उशीर झाला की आमच्यासारख्यांनी तिचं नाव लिहायचं.

उशीर का झाला, हे विचारायचा अधिकार मॉनिटरला नव्हता, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत होते. विचारायला अधिकार कशाला लागतो? बाईंकडे जाऊन, हिला थोडे दिवस सवलत द्या, एवढं मी म्हणू शकत होते. मी बाईंची प्रतिनिधी होते आणि वर्गाचीही होते; मी एकीकडचीच बाजू सांभाळली. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नका, हे कांटचं म्हणणं मी पुढे तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. ते शिकवताना प्रत्येक वेळी मला तो स्वच्छ फळा आठवायचा.

आता आपल्या शाळांत मीना-राजू मंच आहे. शाळा सुटलेल्या मुलीच्या घरी मुलींनीच जायचं, हा त्याच्या कामाचा एक भाग आहे. जिथे तो कागदावर न राहता खरोखर चालतो, तिथे मॉनिटरच्या हातातल्या खडूपेक्षा मोठं काही मुलींच्या हाती आलेलं असतं. इथे काही शिक्षिका बसलेल्या दिसतात. त्यांना माझी एकच विनंती आहे. वर्गप्रमुख निवडाल तेव्हा तिला हजेरीपट जरूर द्या, पण त्यातल्या गैरहजर मुलीच्या घरी जाऊन यायचं कामही द्या. आणि ती परत येऊन जे सांगेल ते ऐकायला पाच मिनिटं राखून ठेवा.

ती माझी वर्गमैत्रीण आज असली तर माझ्याच वयाची असेल. आमच्या बॅचचा मेळावा झाला तेव्हा तिला बोलावणं गेलंच नाही, कारण यादी मॅट्रिक झालेल्यांची होती. यादी करणाऱ्यांत मीही होते. पुढचा मेळावा व्हायचा आहे. या खेपेस यादी नववीच्या हजेरीपटावरून करायची, असं मी सगळ्यांना कळवलं आहे.

इथेच थांबते.