शब्दभ्रमकार रामदास पाध्ये : हात कोणाचा, वाणी कोणाची?

राजशेखराच्या 'बालरामायण' नाटकांत (इ. स. 900 च्या सुमारास) सीतेसाठीं व्याकुळ झालेल्या रावणापुढें तिची एक यंत्रमय बाहुली आणिली आहे. बाहुलीच्या मुखांत सारिका बसविलेली असून उत्तरें ती सारिका देते. देह एकाचा व वाणी दुसऱ्याची, ही कल्पना आपल्या वाङ्मयांत एवढी जुनी आहे. जर्मन पंडित पिशेल यानें 1900 सालीं भारत हीच बाहुलीनाट्याची जन्मभूमि असें प्रतिपादिलें व 'सूत्रधार' हा शब्दही बाहुलीच्या दोरीवरूनच आला असें म्हटलें. प्रस्तुत लेखकास तें पटत नाहीं. सूत्र म्हणजे मापनाची दोरी व सूत्रधार म्हणजे स्थपति, हा अर्थही तितकाच प्रसिद्ध आहे. पण तो वाद येथें नको.

श्री. रामदास पाध्ये यांचे वडील कै. यशवंत केशव पाध्ये यांनीं 1916 च्या सुमारास जें बोलकें बाहुलें लोकांपुढें आणिलें, तेंच 'अर्धवटराव'. बाहुल्याच्या पाठींतून हात घालून त्याचें तोंड हालवावयाचें आणि स्वतःचे ओठ न हालवितां त्याच्या वतीनें बोलावयाचें, ही रीत पाश्चात्य आहे हें नाकबूल करण्यांत अर्थ नाहीं. राजशेखराच्या सारिकेशीं तिचा वंशसंबंध जोडण्याचा मोह मलाही झाला होता. परंतु मधल्या हजार वर्षांतील एकही दुवा हातीं नसतां तसें लिहिणें हा इतिहास नव्हे. पिंगुळीच्या ठाकर मंडळींच्या कळसूत्री बाहुल्यांशींही ही रीत जुळत नाहीं. तेथें दोरी, येथें हात. मात्र ज्या गृहस्थास 'अर्धवट' म्हणून वर 'राव' ही पदवी द्यावी, तो गृहस्थ मराठीच.

रामदासांनीं 1967 सालीं हा वारसा रंगमंचावर स्वतः चालविण्यास आरंभ केला. पुढें दूरदर्शनानें त्यांचीं बाहुलीं घरोघर नेलीं. लिज्जत पापडाच्या जाहिरातींतील ससाही त्यांचाच.

1993 सालीं महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' आला. त्यांतील तात्या विंचू हें बाहुलें पाध्ये यांनीं घडविलें व चालविलें. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. रंगमंचावर कलावंत प्रेक्षकांच्या समोर उभा असतो. तो दिसत असूनही बोलतो आहे असें वाटत नाहीं, यांतच शब्दभ्रमाचें मर्म. चित्रपटांत ध्वनि निराळा मुद्रित करितां येतो, म्हणून ओठ स्थिर ठेवण्याच्या विद्येचें कारणच उरत नाहीं. उरतें तें चालन: मान किती वळावी, जबडा केव्हां मिटावा, आणि हे सर्व करणारा हात चौकटीबाहेर कसा राहावा. अर्ध्या शतकाहून अधिक काळ ज्या घराण्यानें वाणीची साधना केली, त्यास येथें केवळ हातानें बोलावें लागलें.

एका व्याख्यानांत तात्या विंचूचा आवाजही पाध्ये यांचाच, असें मीं ठासून सांगितलें. सभेच्या अखेरीस माझाच एक जुना विद्यार्थी उठला व म्हणाला, "गुरुजी, आवाज दिलीप प्रभावळकरांचा." तें खरें होतें. प्रभावळकरांनीं त्या चित्रपटांत मनुष्यरूपी तात्या विंचूचीही भूमिका केली आहे. विद्यार्थ्यानें चूक दाखविली याचा आनंद झाला, तरी घरीं येतांना वाटलें, जो चुकीनें श्रेय देतो तो दोघांचेंही हरण करितो. 2013 च्या 'झपाटलेला 2' विषयीं लिहितांना म्हणून मीं हात आणि वाणी हे दोन रकाने निरनिराळे आंखून घेतले.